ठराव पाळणारं गवत

आमच्या रम्यकुंज सोसायटीत बासष्ट सभासद आहेत आणि गेल्या अकरा वर्षांत मंजूर झालेले एकशे चौदा ठराव. त्यांतल्या एकशे तेरांचं पुढे काय झालं, हे विचारू नये. विचारणाऱ्यालाच उपसमितीवर घेतात. उरलेला एक ठराव मात्र शब्दशः पाळला गेला आणि सगळा घोळ त्यातूनच झाला.

तो पहिल्या वर्षाचा. आम्ही भाईंदरच्या इंद्रलोक भागात राहायला आलो तेव्हा दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत गाजर गवत माजलं होतं. हे आपल्याकडचं नव्हे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी परदेशी गव्हाबरोबर आलं म्हणतात आणि आल्यापासून त्यानं परत जायचा विषय काढलेला नाही. पान गाजराच्या पाल्यासारखं, फूल साबुदाण्याच्या दाण्याएवढं, आणि अंगाला लागलं तर खाज अशी की चांगल्या घरचा माणूसही चारचौघांत सदरा काढेल. तेव्हा सर्वानुमते ठरलं, "आवारातील गवत चार बोटांहून उंच वाढू देऊ नये." चार बोटं कुणाची, यावर पाऊण तास चर्चा झाली. अखेर तेव्हाच्या अध्यक्षांची चार बोटं आडवी ठेवून सुताराकडून तेवढी लाकडी पट्टी कापून घेतली, तिच्यावर सोसायटीचा शिक्का मारला आणि पट्टी नाथाच्या ताब्यात दिली.

नाथा आग्रे संगमेश्वराकडचा. सोसायटीचा माळी, पंप चालवणारा आणि कचऱ्याची गाडी आली की शिट्टी वाजवणारा, अशी तीन खाती त्याच्याकडे. पंपाशेजारच्या खोलीत तो आणि विमलाबाई राहतात. दर रविवारी सकाळी सात वाजता नाथा विळा घेऊन उकिडवा बसायचा, पट्टी जमिनीवर उभी धरायचा आणि तिच्या वर आलेलं सगळं सपासप उडवायचा. पट्टीच्या खालच्याला हात लावायचा नाही. अकरा वर्षांत एक रविवार चुकला नाही. गणपतीला गावी जायचा तोही सोमवारी निघून शनिवारी परतायच्या बेतानं. गौरी कधी येतात हे त्यानं पंचांगात बघितलंच नाही. कुठल्या वारी येतात एवढंच बघितलं.

तर यंदा जूनमध्ये एका मंडळानं 'सुंदर सोसायटी' स्पर्धा घेतली. परीक्षक आले, चहा प्याले, जिना चांगला आहे म्हणाले आणि मधल्या मैदानाशी येऊन थबकले. सगळ्या मैदानावर साबुदाणा सांडल्यासारखी पांढरी फुलं! गाजर गवत जमिनीला चिकटून, बोट-दोन बोट उंचीवर, खुशाल फुललेलं. परीक्षकांनी वहीत लिहिलं, "तण फुलोऱ्यात." बक्षीस समोरच्या कॉम्प्लेक्सला गेलं. त्यांच्याकडे मैदानच नाही, सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत.

आमचे खजिनदार जितेंद्रभाई गोराडिया भाईंदरातच जन्मलेले. मराठी आमच्याहून शुद्ध बोलतात, पण रागावले की तीन भाषा एकदम सुरू होतात. ते तडक मैदानात गेले.

"नाथा, ये क्या है?"

"फूल हाय, शेठ."

"ते मलापण दिसतंय! कापलं का नाही?"

"पट्टीच्या खाली हाय."

"अरे, पण फूल आलंय ना!"

"ठरावात फुलाचं काय न्हाय. उंचीचं हाय."

इथं जितेंद्रभाईंची गुजराती सुरू झाली. तिचा सारांश असा की, नाथाला कापता येत नाही, त्याचे डोळे गेले आहेत आणि आता मशीनवाली एजन्सी आणायची. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी वार्षिक सभा होती. तिच्या विषयपत्रिकेवर नववा विषय लागला: "श्री. नाथा आग्रे यांना कामावरून कमी करणे व एजन्सी नेमणे." काम गेलं की पंपाशेजारची खोलीही जाणार, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. पण विमलाबाईंना ते वाचता आलं.

"डोळे माझे बरे हायत," नाथा संध्याकाळी फाटकाशी जो भेटेल त्याला सांगत होता. "म्या बरोब्बर कापतो. झाडच खाली बसलंय. आधी गुडघ्याला लागायचं, मग घोट्याला आलं, आता लपून फुलतंय. शिकलंय ते!"

लोक मान डोलवून लिफ्टमध्ये शिरत. झाड शिकलं म्हणणाऱ्या माळ्याला काय उत्तर देणार? अपवाद एकच. बी विंगमध्ये भाड्यानं राहणारी समिधा. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ती तिथंच गुडघ्यावर बसली, एक रोपटं उपटलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि अशी काही हरखली, जणू सोनं सापडलं.

"नाथाकाका, किती वर्षं कापताय याच उंचीवर?"

"अकरा."

"एकही रविवार न चुकवता?"

"ठराव हाय ना, बाय."

"झाड शिकलं नाही हो. जी उंच होणारी होती, त्यांची मुंडी तुम्ही बी धरायच्या आधीच उडवलीत. एखाददुसरं जन्मतःच बुटकं, ते पट्टीखाली राहिलं, फुललं, त्याचं बी पडलं. त्याची पोरं बुटकी, त्यांची पोरं आणखी बुटकी. वर्षाला तीन पिढ्या धरल्या तरी तीसबत्तीस पिढ्या झाल्या."

"बत्तीस?" नाथा चकित झाला. "आमच्या तीन पिढ्या मुंबैत गेल्या, अजून हितलं पानी मानवत न्हाय."

"पण हे सिद्ध करावं लागेल. कुणी म्हणेल, कापून कापून खुरटलंय, न कापता सोडलं तर वाढेल. मग तुमचा हातच वाईट ठरेल." समिधानं रोपटं पिशवीत टाकलं. "इथलं बी आणि कधीच न कापलेल्या जागेतलं बी, दोन्ही सारख्या कुंड्यांत, सारख्या मातीत लावायचं. पाणी सारखं. कापायचं कुणालाच नाही. मग बघू."

समिधाच्या घरमालकाला बाल्कनीत कुंड्या चालत नव्हत्या. भिंतीला ओल येते म्हणे. मग ती सेक्रेटरी शशिकांत वाघधरेंकडे गेली. वाघधरेसाहेब मंत्रालयातून निवृत्त झालेले. चौकशी या शब्दावर त्यांचा जीव आहे. ते नाही म्हणणार नव्हतेच. त्यांच्या पत्नी सुचेताबाईंनी फक्त विचारलं, "पाणी कोण घालणार?" आणि उत्तर न ऐकता झारी धुवायला घेतली.

वाघधरेंच्या बाल्कनीत बारा कुंड्या आल्या. सहांत आमच्या मैदानातलं बी, सहांत बेव्हर्ली पार्ककडच्या एका मोकळ्या प्लॉटवरचं. जितेंद्रभाईंनी अट घातली की कुठल्या कुंडीत काय आहे, हे कुणालाच कळता कामा नये. त्यांनी प्रत्येक कुंडीच्या बुडाला चिठ्ठी चिकटवली, वर पारदर्शक टेप लावली आणि टेपवर सही केली. मग कुंड्या स्वतः तीनदा इकडच्या तिकडे केल्या, म्हणजे त्यांनाही आठवू नये.

जुलैत बारा कुंड्यांत बारा रोपं आली, एकमेकांसारखी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांतली सहा थांबली. खत होतं, पाणी होतं, वर मोकळं आकाश होतं, विळा जवळपास नव्हता. पण त्या सहांनी मान वर केली नाही. दोन बोटांवर कळ्या धरल्या आणि फुलून मोकळी झाली. उरलेली सहा उंच होत निघाली.

घोटाळा इथं झाला. एका सकाळी वाघधरेसाहेब चहाचा कप घेऊन बाल्कनीत आले आणि त्यांचा चेहरा उतरला. सहा झाडं वीतभर झाली होती. आवारातील गवत! चार बोटांहून उंच! आणि तेही सेक्रेटरीच्या घरात! गेल्याच महिन्यात त्यांनी ए विंगच्या एका सभासदाला जिन्यात चपलांचं कपाट ठेवल्याबद्दल नोटीस दिली होती. न्यायी माणूस. त्यांनी टेबलापाशी बसून स्वतःला एक नोटीस लिहिली, जावक क्रमांक घातला, पोच म्हणून स्वतःच सही केली आणि कात्री घेऊन बाल्कनीत गेले.

सुचेताबाई स्वयंपाकघरातून बघत होत्या. त्या झारीसकट मध्ये उभ्या राहिल्या.

"काय करताय?"

"ठरावाची अंमलबजावणी."

"यातलं एक पान कापलंत तर नाथाची खोली गेली, कळतंय का?"

"सुचेता, मी सेक्रेटरी आहे. माझ्याच घरात..."

"ठरावात काय लिहिलंय? आवारातलं गवत. आवार खाली. हा दुसरा मजला. दुसऱ्या मजल्यावर गवत वाढतं का कुठं?"

"वाढलंय की हे."

"हे गवत नाही, पुरावा आहे. ठेवा कात्री."

पुराव्याला कात्री लावायची नसते, हे तीस वर्षं मंत्रालयात काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. साहेबांनी कात्री ठेवली आणि मघाच्या नोटिशीला 'खुलासा समाधानकारक' असा शेरा मारून ती फाइलला लावली. पुढे झाडांना फुलं आली तेव्हा त्यांना दिवसाला चाळीस शिंका यायच्या. पण तक्रार केली नाही. सुचेताबाईंनी एका हातात मोजा चढवून पाणी घालणं चालू ठेवलं.

नाथा मात्र त्या दोन महिन्यांत गप्प झाला. रविवारी कापायचा, पण सपासप नाही. एखाद्या झाडापाशी हात थांबायचा, मग कापायचा. विमलाबाईंनी भांडी खोक्यात भरायला सुरुवात केली. मग पातेलं लागलं म्हणून काढली, मग पुन्हा भरली. असं तीनचारदा झालं.

सभेचा रविवार उजाडला. नाथानं सातला कापणी केली आणि दहाला खुर्च्या मांडल्या. कोरमला वीस सभासद लागतात. अकरा आले. मग रिवाजाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली, त्या अर्ध्या तासात बटाटेवडे झाले आणि साडेदहाला तेच अकरा जण त्याच खुर्च्यांवर बसले. तहकूब सभेला कोरम लागत नाही. त्यामुळे आमच्याकडे पहिली सभा ही वड्यांसाठी असते.

आठ विषय वीस मिनिटांत मंजूर झाले. नवव्याला एजन्सीचा साईराज मशीनचा फोटो घेऊन पुढच्या रांगेत बसला होता. नाथा दाराशी उभा. समिधा मागच्या खुर्चीवर. भाडेकरूला आमच्या सभेत बसता येतं, बोलता येत नाही.

जितेंद्रभाई उठले. "प्रश्न सीधा आहे. माणसाच्या हातानं होत नाही. मशीन आणू. संपलं."

"थांबा," सुचेताबाई म्हणाल्या. त्या मागून बारा कुंड्यांचं ओझं दोन टोपल्यांत घेऊन आल्या होत्या, एक टोपली नाथाच्या बायकोच्या डोक्यावर.

"भाभी, माफ करा हां," जितेंद्रभाई म्हणाले, "पण सभेत सभासदच बोलणार."

"फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, विचारा सेक्रेटरींना."

वाघधरेसाहेबांना उत्तर माहीत होतं, तरी त्यांनी सभासद नोंदवही उघडली, चष्मा लावला आणि खालच्या आवाजात वाचलं, "सौ. सुचेता शशिकांत वाघधरे. प्रथम सभासद." ते स्वतः सहयोगी सभासद असल्याचं पुढच्या ओळीत होतं, ते त्यांनी वाचलं नाही. अकरा वर्षं बायकोच्या वतीनं सभा चालवणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यासमोर उभा राहिला.

कुंड्या टेबलावर मांडल्या. सहा झाडं कमरेला लागतील एवढी, सहा दोन बोटांची, फुललेली. सभेत कुजबुज झाली. साहेबांना शिंका सुरू झाल्या.

"जितेंद्रभाई, सही तुमची. तुम्हीच उलटा," सुचेताबाई म्हणाल्या.

जितेंद्रभाईंनी बुटक्या झाडाची पहिली कुंडी तिरकी केली, आपली सही नीट तपासली, टेप फाडली.

"सोसायटी," त्यांनी वाचलं.

दुसरी. "सोसायटी." तिसरी. चौथीला ते थांबले, वर बघितलं आणि सहाही वाचल्या. मग उंच झाडांच्या सहा. "बेव्हर्ली. बेव्हर्ली. बेव्हर्ली..."

"म्हणजे नाथाच्या हाताचा दोष नाही," सुचेताबाई म्हणाल्या. "न कापताही हे एवढंच राहतं. जातच बदलली आपल्याकडची."

जितेंद्रभाई खजिनदार उगीच नाहीत. ते क्षणभर कुंड्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मान्य. एकदम मान्य. पण भाभी, बदलली कुणी? कापणाऱ्यानंच ना?"

हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"व्हय," दारातून आवाज आला. "म्याच केलं."

"तू गप, नाथा," साहेब म्हणाले.

"गप कशाला? दोन म्हैनं गप हाय. म्याडमनं सांगितलं तवाच कळलं. उंच ती म्या मारली आन् बुटकी म्याच राखली. लेकरागत राखली. शेठ बोलतात ते खरं हाय."

समिधानं डोक्याला हात लावला. विमलाबाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की खोकं आता बांधायलाच हवं.

सुचेताबाईंनी मात्र मोर्चा पुढच्या रांगेकडे वळवला. "दादा, तुमचं मशीन किती खाली कापतं?"

साईराजला वाटलं, काम मिळालं. तो उत्साहानं उठला. "दोन इंच, मॅडम! एकदम लेव्हल. दर संडेला आमचा माणूस येणार, फिक्स."

"आणखी खाली नाही?"

"नाय नाय. खाली गेलं की दगड उडतात. मागच्या महिन्यात एका सोसायटीत गाडीची काच गेली."

जितेंद्रभाईंची गाडी नवी आहे आणि मैदानाकडे तोंड करून उभी असते. त्यांनी खिडकीतून एकदा तिच्याकडे बघितलं.

"आणि हे दोन बोटांवर फुलतं," सुचेताबाईंनी बुटकी कुंडी उचलून साईराजच्या नाकापुढे धरली. "म्हणजे दर रविवारी तुमचं मशीन याच्या डोक्यावरून जाणार आणि हे खाली बी टाकत बसणार. नाथानं जे विळ्यानं केलं तेच तुम्ही पेट्रोलनं करणार."

साईराजनं कुंडीकडे, मग फोटोकडे बघितलं. "आमच्या ब्रोशरमध्ये असं काय दिलेलं नाय," तो प्रामाणिकपणे म्हणाला आणि बसला.

पहिले हसले ते जितेंद्रभाई. असे हसले की खुर्ची मागे गेली. "अरे, साठ घरं काय करू शकली नाहीत आणि या गवतानं आपला ठराव पाळून दाखवला! चार बोट बोले तो चार बोट! ऐसा मेंबर कहाँ मिलेगा?" मग डोळे पुसत मागे वळले. "समिधाबेन, तुम्ही बोला यार. काय करायचं याचं?"

"भाडेकरू..." साहेबांनी सुरुवात केली.

"वाघधरेसाहेब, तुम्ही शिंका."

समिधा उठली. तिचं म्हणणं थोडक्यात होतं. कापायचं नाही, मुळासकट उपटायचं, फुलं यायच्या आत. हातमोजे घालून. त्याला ओळखणारा माणूस हवा, कारण बुटकं रोप दुसऱ्या गवतात दिसतच नाही. आणि मुख्य म्हणजे ठरलेला वार, ठरलेली उंची, ठरलेली पद्धत नको. जे काही आपण कायम एकाच तऱ्हेनं करू, त्यातून निसटणारं नेमकं मागे उरतं. शिवाय पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला टाकळ्याचं बी फेकावं. टाकळा दाट उगवतो आणि गाजर गवताला जागाच ठेवत नाही.

"टाकळा?" नाथा दारातून चार पावलं आत आला. "त्येची भाजी व्हते! कवळी पानं, वरनं खोबरं..."

वनस्पतिशास्त्र ज्यांना समजलं नव्हतं, त्यांनाही हे समजलं. तीन सभासदांनी एकदम अनुमोदन दिलं.

"पन मला जमंल का?" नाथा म्हणाला. "म्याच बिघडवलंय."

"दुसऱ्या कुणाला ते दिसणार पण नाही," समिधा म्हणाली. "अकरा वर्षं तुम्ही एकटेच त्याच्याकडे बघताय."

मग ठरावाचा मसुदा झाला. साहेबांनी लिहिला, जितेंद्रभाईंनी मांडला, सुचेताबाईंनी अनुमोदन दिलं. इतिवृत्तात तो असा आहे: "श्री. नाथा आग्रे यांना कामावर कायम ठेवण्यात येत आहे. आवारातील गाजर गवत कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी व कोणत्या प्रकारे काढावे हे त्यांनी स्वतः ठरवावे आणि ते कोणासही आगाऊ सांगू नये. सदर माहिती विचारण्याचा अधिकार सेक्रेटरींसही राहणार नाही." शेवटचं वाक्य जितेंद्रभाईंनी घालायला लावलं. गवताच्या कानावर जायला नको म्हणून, असं ते म्हणाले. हे वाक्य गमतीचं आहे की नाही, यावर चर्चा झाली नाही. मंजूर झालं.

विमलाबाईंनी त्याच दुपारी खोकं रिकामं करून रद्दीवाल्याला दिलं.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता वाघधरेसाहेब सवयीनं जागे झाले आणि काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटलं. विळ्याचा आवाज नव्हता. खाली डोकावले. मैदान रिकामं, पंपाच्या खोलीला कुलूप. आठ वाजले, नऊ वाजले. साडेनऊला त्यांना राहवलं नाही. फोन लावला.

"नाथा, अरे, कुठं आहेस?"

मागून समुद्राचा आवाज येत होता आणि बायकांचा गलका. "चौक गावाला आलोय, सायब, दर्यावर. बसनं. मंडळींना जेटी बघायची व्हती."

"बरं बरं. नाही, म्हटलं, मग गवताचं आज...? का उद्या?"



"सायब, ते सांगता येत न्हाय. ठराव हाय."

"अरे, मी सेक्रेटरी आहे!"

"तुमचं तर नाव घालून लिवलंय."

तेवढ्यात विमलाबाईंचा आवाज आला, "अवो, कोन हाय?"

"गवताकडनं हाय कोनतरी," नाथा म्हणाला. "चौकशी करतोय."

"मग ठेवा की फोन! हितं ताजे बोंबील चालले."

फोन बंद झाला. साहेब बराच वेळ बाल्कनीत उभे होते. मग त्यांनी खाली मैदानाकडे बघितलं आणि, का कोण जाणे, आवाज न करता आत गेले.